परावर्ती ई-कागद: रंग आले, पण पांढरा अजून यायचा आहे का?

गोदाकाठचा वाचक (धागाकर्ता)

नमस्कार. २०१८ पासून माझे बहुतेक वाचन सहा इंची ई-रीडरवर, म्हणजे कागदासारखा बाहेरच्या उजेडात दिसणाऱ्या ई-कागदाच्या पडद्यावर होत आले आहे. गंगापूर रोडवरच्या आमच्या गॅलरीत एप्रिलच्या सकाळी मोबाइलचा प्रकाश कितीही वाढवला तरी पडद्यात स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि त्याच उन्हात ई-रीडरवरची अक्षरे छापील पानासारखी ठसठशीत होतात. त्यामुळे या तंत्राविषयी मला आपुलकी आहे, आणि खाली मांडलेल्या तक्रारी त्या आपुलकीपोटीच आहेत.

पहिली तक्रार पानाच्या आकाराची आहे. मराठीतील जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक, कोश आणि संदर्भग्रंथ आज संगणकावर जे काही मिळतात ते बहुतांशी पानांच्या छायाचित्रांच्या रूपात, म्हणजे स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळतात. अशा पानातील अक्षर मोठे करून ओळी नव्याने मांडता येत नाहीत. डेमी आकाराचे पान सहा इंचांत कोंबले की रफार आणि वेलांट्या पुसट होतात, आणि डोक्यावरचा ठिपका अनुस्वार आहे की स्कॅनमधला डाग आहे, हे संदर्भावरून ताडावे लागते.

दुसरी तक्रार नाजूकपणाची. मागच्या दिवाळीत त्र्यंबकेश्वरहून परतताना पिशवीत जेवणाच्या डब्याखाली दबून यंत्र निकामी झाले. वरून एक ओरखडाही नव्हता. पण डावा कोपरा काळा पडला, त्यातून उभ्या रेघा निघाल्या आणि उरलेल्या भागात मी वाचत होतो ते पान जसेच्या तसे गोठून राहिले. दुरुस्तीवाल्याने पडदा बदलण्याचा जो खर्च सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर नवे यंत्र आले असते.

आता दहा इंचांच्या आसपासचे यंत्र घ्यायचे आहे आणि इथेच माझी पंचाईत झाली आहे. बाजारात रंगीत ई-कागद आला आहे. आणखी चांगला येणार, असे दर वर्षी ऐकतो. मुलगा म्हणतो, दोन वर्षे थांबा. पण हे तंत्र नेमके कोणत्या दिशेने चालले आहे, आणि वाट पाहण्यात अर्थ आहे का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

अंबड लिंक रोड

तुमच्या फुटलेल्या यंत्रावर ते पान अजूनही दिसत असेल, आणि यंत्र माळ्यावर ठेवलेत तर पुढच्या दिवाळीलाही दिसेल. या तंत्राचे मर्म त्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी औद्योगिक नियंत्रकांचे पडदे बसवण्याचे काम करतो. ई-कागदाशी माझा संबंध गेल्या सहा-सात वर्षांतला आहे.

ई-कागदात केसाच्या जाडीच्या आसपासच्या, द्रवाने भरलेल्या असंख्य कुप्या एका पातळ थरात पसरलेल्या असतात. प्रत्येक कुपीत टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे कण आणि काळे कण असून त्यांचे विद्युतभार परस्परविरुद्ध असतात. मागून धन किंवा ऋण विद्युतदाब (व्होल्टेज) दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्याचे तळाशी जातात. दाब काढून घेतला तरी कण जिथल्या तिथे राहतात, म्हणून चित्र टिकवायला वीज लागत नाही, फक्त बदलायला लागते.

आता तुमचा पडदा का गेला ते पाहा. शाईचा, म्हणजे या कुप्यांचा, थर प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर असतो आणि तो सहसा तुटत नाही. त्याच्या मागे प्रत्येक बिंदूला स्वतंत्र दाब पोहोचवणारी ट्रान्झिस्टरांची जाळी असते, ती मात्र बहुतेक यंत्रांत अतिशय पातळ काचेवर घडवलेली असते. तडा त्या काचेला गेला. शाईला पुढचा हुकूम मिळेनासा झाला आणि तिने शेवटचा हुकूम धरून ठेवला. ही जाळी प्लॅस्टिकवर घडवण्याचे तंत्र नवीन नाही. सोनीने २०१३ मध्ये आणलेल्या १३.३ इंची यंत्रात असाच प्लॅस्टिकचा पडदा होता आणि एवढ्या आकाराच्या मानाने ते यंत्र फारच हलके होते. म्हणून मोठा पडदा घेताना रंगाच्या आधी मागची जाळी काचेवर आहे की प्लॅस्टिकवर, हे विचारावे. विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसते. माहितीपत्रकात शोधावे लागते.

या कल्पनेचे वय आपण समजतो त्याहून बरेच जास्त आहे. १९७० च्या दशकात जपानमध्ये मात्सुशिता कंपनीच्या इसाओ ओता यांनी भारित कणांच्या पडद्यावर काम केले, आणि त्याच दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी अर्धे काळे, अर्धे पांढरे असे सूक्ष्म मणी फिरवून अक्षर उमटवण्याची युक्ती काढली. कण गुठळ्या करून बसत, ही त्या काळची मोठी अडचण होती. कणांना कुप्यांमध्ये कोंडून ती सोडवली ती अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. १९९७ मध्ये त्यांची ई इंक कंपनी निघाली आणि १९९८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्यांचा निबंध आला. २००४ मध्ये सोनीचे लिब्रिए आणि २००७ मध्ये अॅमेझॉनचे पहिले किंडल हे ई-रीडर बाजारात आले. पहिल्या किंडलवर करड्याच्या अवघ्या ४ छटा होत्या आणि इंचाला १६७ बिंदू होते. आज १६ छटा आणि ३०० बिंदू ही सर्वसाधारण गोष्ट झाली आहे.

पान उलटताना पडदा काळा-पांढरा लखलखतो, त्याविषयीही थोडे सांगतो, कारण पुढच्या प्रगतीचा मोठा भाग तिथेच आहे. कण द्रवातून सरकतात, त्यांना वेळ लागतो, आणि आधी कुठे होते यावर ते पुढे कुठे थांबतील हे अवलंबून असते. म्हणून करड्याच्या एका छटेतून दुसऱ्या छटेत जाण्यासाठी कोणता दाब किती मिलिसेकंद द्यायचा याचे मोठे कोष्टक पडद्याच्या नियंत्रकात साठवलेले असते. त्याला वेव्हफॉर्म म्हणतात आणि तापमानाप्रमाणे त्याची वेगवेगळी पाने असतात. धन आणि ऋण दाबांचा हिशेब शेवटी शून्यावर यावा लागतो. तो सतत चुकत गेला तर पडदा हळूहळू खराब होतो. गेल्या दहा वर्षांत पाने भराभर उलटू लागली, त्याचे अर्धे श्रेय रसायनाला असेल तर अर्धे या कोष्टकांना आहे, असे माझे मत आहे.

निवृत्त जुळारी

नाशिकचा छापखाना म्हटले की लोकांना नोटांचाच आठवतो, म्हणून आधीच सांगतो की मी नाशिकरोडला नव्हतो. रविवार कारंज्याजवळच्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे ऑफसेटवर चार रंगांची कामे केली. विजेचे मला फारसे कळत नाही. पण रंगीत ई-कागदाच्या जाहिराती वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते, ती छपाईच्या भाषेत मांडतो.

छपाईत आम्ही पांढरा रंग कधी छापत नाही. पांढरा कागदाचा असतो, तो फुकट मिळतो. आम्ही फक्त त्यावर निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई चढवून त्याचा उजेड कमी करत जातो. चांगला कागद त्यावर पडलेल्या उजेडापैकी ८० टक्क्यांहून अधिक उजेड परत देतो. वर्तमानपत्राचा मळकट कागदही निम्म्याहून जास्त देतो. ई-कागदाला मात्र आपला पांढरा स्वतः तयार करावा लागतो आणि चांगल्या काळ्या-पांढऱ्या पडद्याचा पांढरा ४० ते ४५ टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे ज्याला आपण पान म्हणतो ते मुळात करडे आहे. उन्हात उजेडाची रेलचेल असल्यामुळे ते जाणवत नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली जाणवते, आणि म्हणूनच २०१२ नंतर जवळजवळ प्रत्येक यंत्रात समोरून उजेड टाकणारे दिवे आले.

आता या करड्या पानावर रंग कसा आणतात ते पाहा. माझ्या नातवाकडे रंगीत ई-रीडर आहे. लग्नपत्रिकांच्या प्रुफांवरचे ठिपके तपासायचे माझे जुने भिंग मी त्यावर लावले. मुखपृष्ठावरचा भगवा रंग भगवा नव्हताच. लाल आणि हिरव्या बारीक खुणांची जाळी होती, मधेमधे निळ्याच्या खुणा काळ्या पडून विझलेल्या होत्या, आणि त्या जाळीखाली तेच आपले काळे-पांढरे कण होते. म्हणजे जुन्या पानावर रंगीत जिलेटिनचा कागद अंथरला आहे. लाल खुणेतून फक्त लाल उजेड जातो, बाकीचा दोनतृतीयांश तिथेच मरतो. वर हा उजेड जाताना एकदा आणि परत येताना पुन्हा एकदा त्या जाळीतून जातो. आधीच ४० टक्के असलेल्या पांढऱ्यातून तुम्ही आणखी काय काय वजा करणार? कॅलिडो या नावाने येणाऱ्या पडद्यांची हीच जात आहे. त्यांच्या तिसऱ्या पिढीत काळी अक्षरे इंचाला ३०० बिंदूंची आणि रंग १५० बिंदूंचा असतो, आणि रंग ४०९६ म्हणून सांगतात. त्या आकड्याचे गूढ साधे आहे: लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी १६ छटा, आणि १६ चा घन ४०९६.

दुसरी जात मला मनापासून आवडली, कारण ती आमच्या छपाईची सख्खी बहीण आहे. तिला गॅलरी म्हणतात. तीत जाळी नाही. प्रत्येक लहानशा खोलगट वाटीत पांढऱ्याबरोबर निळे, किरमिजी आणि पिवळे असे चार प्रकारचे कण असतात आणि विजेच्या दाबाच्या पायऱ्या बदलून हवे ते कण वर आणतात. किरमिजी आणि पिवळे पांढऱ्याच्या वर आले की लाल दिसतो, अगदी ऑफसेटसारखा. इथे उजेड फुकट जात नाही. पण चार जातींच्या कणांना त्याच वाटीत ओळीने उभे करायला वेळ लागतो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या गॅलरी ३ चे कंपनीचे आकडे असे आहेत: काळे-पांढरे पान ३५० मिलिसेकंद, घाईचा रंग ५०० आणि उत्तम रंग १५००. म्हणजे चांगले रंगीत चित्र हवे असेल तर दीड सेकंद थांबा. आम्ही चार रंगांची चार रुळे फिरेपर्यंत थांबत होतो, त्या मानाने हे काहीच नाही. पण मोबाइलवर बोट फिरवणाऱ्याला दीड सेकंद म्हणजे युग वाटते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की रंगाची वाट पाहू नका, पांढऱ्याची पाहा. ज्या दिवशी कोणी ६० टक्के पांढरा देईल, त्या दिवशी मी नातवाकडून यंत्र मागून घेईन.

निफाडचा बागायतदार

जुळारी काकांनी पांढऱ्याचे सांगितले, मी थंडीचे सांगतो. आमच्या द्राक्षबागेत तापमान, आर्द्रता आणि पानांचा ओलावा मोजणारे यंत्र आहे. भावाच्या मुलाने त्याला ४.२ इंचांचा काळा-पांढरा-लाल ई-कागदी पडदा जोडला, हेतू हा की बागेत फिरताना मोबाइल न काढता आकडे दिसावेत आणि बॅटरी महिनोन्‌महिने पुरावी. करपा-भुरी या रोगांचा धोका असेल तर आकडा लाल दिसायचा. ऑक्टोबरात छाटणीनंतर बसवले तेव्हा सगळ्या शिवारात कौतुक झाले.

डिसेंबरच्या शेवटी निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला. ज्या पहाटे आम्ही बांधावर शेकोट्या करून धूर धरत होतो, नेमक्या त्या पहाटे पडद्यावरचा लाल आकडा फिकट गुलाबी झाला आणि त्याच्यामागे आदल्या दिवशीचा आकडा सावलीसारखा दिसू लागला. बदलायला एरवी पंधरा-एक सेकंद लागत. त्या पहाटे मी हातात विजेरी धरून तो लखलखाट किती वेळ पाहत होतो हे मोजले नाही, पण चहा निवला. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत उलटी गत झाली. माहितीपत्रकात ० ते ४० अंश लिहिले आहे आणि आमच्या पेटीत एप्रिलच्या दुपारी हात ठेववत नाही.

शिवाय त्याच पत्रकात असेही आहे की पडदा दीर्घकाळ थेट कडक उन्हात ठेवू नये. म्हणजे उन्हात उत्तम दिसतो, पण उन्हात ठेवायचा नाही. याला काय म्हणावे? यावर इलाज आहे का, की हा प्रकार फक्त घरात बसून वाचणाऱ्यांसाठीच आहे?

अंबड लिंक रोड

बागायतदार, इलाज आहे. थंडीत कुपीतला द्रव दाट होतो, त्यामुळे कण संथ सरकतात. लाल कण मुळातच काळ्यांपेक्षा संथ असतात आणि त्यांना वर आणायला कमी दाब जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून थंडीचा पहिला तडाखा लाल रंगाला बसतो. पडद्याच्या नियंत्रकात तापमानाची कोष्टके असतात, पण हौशी सर्किटवर तापमापक अनेकदा पेटीतल्या गरम भागाजवळ असतो. त्यामुळे नियंत्रक पंधरा अंशांचे कोष्टक वापरतो आणि पडद्यावर मात्र चार अंश असतात. बाहेरचे खरे तापमान तुमच्या यंत्राकडे आहेच. तेच नियंत्रकाला कळवावे. दुसरे म्हणजे लाल सोडून साधा काळा-पांढरा पडदा घ्या आणि धोक्याचा आकडा काळ्या पट्टीवर पांढऱ्याने दाखवा. उन्हासाठी अतिनील किरणे अडवणारा पारदर्शक पापुद्रा समोर लावतात आणि पडदा थोडा खाली झुकवून त्यावर पत्र्याची पडवी काढतात. बाहेरच्या वापरासाठी अधिक तापमान सोसणारे पडदे वेगळे मिळतात, मात्र ते हौशी बाजारात सहसा दिसत नाहीत.

किराणा व भुसार

या तंत्राचा खरा बाजार पुस्तकांचा नाही, आमचा आहे, असे आमचे पुरवठादार सांगत असतात. परदेशी मोठ्या दुकानांत मांडणीवर किमतीच्या छोट्या ई-कागदी पट्ट्या असतात आणि कार्यालयातून एक कळ दाबली की सगळ्या दुकानांत भाव बदलतो. अमेरिकेत वॉलमार्टने २०२४ च्या जूनमध्ये जाहीर केले की २०२६ पर्यंत २३०० दुकानांत अशा पट्ट्या बसवणार.

पंचवटीतल्या माझ्या दुकानासाठी मी हिशेब मांडून पाहिला. माझ्याकडे भाव रोज बदलतो तो कांदा, बटाटा, लसूण आणि फार तर डाळींचा. त्यासाठी दारात काळी पाटी आणि खडू आहे. पाटीलाही चित्र टिकवायला वीज लागत नाही, उन्हात ती वाचता येते आणि पुसून लिहायला दीड सेकंद पुरतो. बाकीच्या मालावर छापील किंमत असते. त्यामुळे मी पट्ट्या घेतल्या नाहीत. पण माझ्या मेहुण्याचे औषधांचे गोदाम आहे, तिथे हजारो खणांवर तुकडीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख सतत बदलते आणि हाताने लिहिताना चूक होते. तिथे या पट्ट्या पहिल्याच वर्षी उपयोगी पडल्या. ज्या ठिकाणी खूप पाट्या आणि थोडा थोडा बदल असतो तिथे हे तंत्र जमते. माझ्यासारख्या एका पाटीवाल्याला नाही.

इंदिरानगरकर

मी दोन मुद्दे मांडते. पहिला देवनागरीचा. रोमन लिपीच्या मानाने आपल्या ओळीला उभी जागा जास्त लागते: वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. कमी बिंदूंच्या पडद्यावर यातले सर्वांत आधी बुजते ते ‘दऱ्या’मधल्या ऱ्याचे टोक आणि ‘द्ध’, ‘द्व’, ‘द्य’ यांतला फरक. १६७ बिंदूंवर मी ‘विद्या’ आणि ‘विद्धा’ यांत अडखळत असे. ३०० बिंदूंवर ती अडचण राहिली नाही. म्हणून रंगीत पडद्यावर रंगाचा मजकूर १५० बिंदूंचा असतो हे मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवावे. लाल अक्षरात छापलेली टीप तिथे पुन्हा त्या जुन्या काळात जाते. टंकाकडेही लक्ष द्यावे. अनेक यंत्रांत मूळ टंक हिंदी वळणाचा असतो आणि ‘ल’ व ‘श’ आपल्या वळणाचे दिसत नाहीत. टिरो देवनागरी मराठी हा मुक्त टंक यंत्रात घातला की पान घरचे वाटू लागते.

दुसरा मुद्दा सावलीचा, ज्याला घोस्टिंग म्हणतात. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर ७.५ इंचांचा पडदा लावून त्यावर तिथी, सिलिंडर लावल्याची तारीख आणि पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग दाखवते. वीज वाचवण्यासाठी पूर्ण पडदा न बदलता फक्त आकड्याचा चौकोन बदलत होते. दोन आठवड्यांनी त्या चौकोनात जुन्या ८ ची सावली इतकी साचली की नवा ३ आणि ती सावली मिळून पुन्हा ८ च दिसू लागला. सासूबाईंनी आठ हजार क्युसेक वाचले आणि गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, राहणाऱ्या त्यांच्या भावाला फोन करून सामान वर उचलायला सांगितले. मामांनी खिडकीतून नदीपात्रातल्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीकडे पाहिले, पाणी त्याच्या गुडघ्यालाही नव्हते, आणि नंतर मला जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. आता दर पाच बदलांनंतर एकदा पूर्ण पडदा काळा-पांढरा लखलखवून धुवून घेते.

याच संदर्भात विचारते. २०२७ च्या सिंहस्थात शहरभर हजारो फ्लेक्स लागतील आणि नंतर ते नाल्यात जातील. त्याऐवजी सौर पट्टीवर चालणारे ई-कागदी फलक वापरता येतील का?

निवृत्त जुळारी

ताई, मजकूर पाहून ठरवावे लागेल. जाहिरातीच्या फलकांसाठी स्पेक्ट्रा ६ म्हणून जात निघाली आहे. पांढरे, पिवळे, लाल आणि निळे कण वापरून ती काळा आणि हिरवा धरून सहा रंग दाखवते आणि बाकीच्या छटा ठिपक्यांच्या दाटीवरून आणते. आम्ही यालाच हाफटोन म्हणत होतो आणि शंभर वर्षांहून अधिक काळ त्यावर पोट भरले. पण तिचे चित्र बदलायला दहा-वीस सेकंद लागतात. गाड्यांच्या वेळा, निवासाची ठिकाणे, दवाखान्याचा रस्ता यांसाठी ती चालेल. ‘या घाटावर जाऊ नका, मागे फिरा’ हे मात्र त्यावर सांगू नये. आणि पहाटे तीनला अंधारात ती दिसणारच नाही, वर दिवा लावावा लागेल.

अंबड लिंक रोड

सहमत. मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पुढे काय येणार याकडे वळतो. आपण आतापर्यंत एकाच कुळाविषयी बोलत आहोत. परावर्ती पडद्यांची इतर कुळेही होती आणि त्यांची स्मशानयात्रा पाहिल्याशिवाय भविष्याविषयी बोलू नये.

क्वालकॉम या अमेरिकी कंपनीच्या मिरासोल पडद्यात फुलपाखराच्या पंखाप्रमाणे दोन पापुद्र्यांमधील सूक्ष्म अंतरातून रंग निर्माण होत असे, रंगद्रव्य नव्हतेच. हालते चित्र दिसे, वीज कमी लागे. २०११ मध्ये कोरियात त्याचा ई-रीडर आला, पुढे एक घड्याळ आले आणि नंतर ते तंत्र बाजारातून गेले. फिलिप्समधून निघालेल्या लिक्वाव्हिस्टात रंगीत तेलाचा थेंब विजेने आकसून मागचा पांढरा उघडा होई. २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याने चित्रपटाच्या वेगाची आशा दाखवली होती. ती कंपनी सॅमसंगकडे गेली, २०१३ मध्ये अॅमेझॉनकडे गेली आणि २०१८ मध्ये बंद झाली. फुजित्सूने २००९ मध्ये कोलेस्टेरिक, म्हणजे ठरावीक रंगाचा उजेड स्वतःच परतवणाऱ्या, द्रव-स्फटिकांचे फ्लेपिया हे रंगीत यंत्र विकले, तेही टिकले नाही. जुळारी काकांचा निकष लावला तर यांतल्या बहुतेकांची दुखणी पांढऱ्याशी येऊन थांबतात. मिरासोलचा पांढरा लाल, हिरवा, निळा शेजारी ठेवून बनवायचा, म्हणून तो फिका. फ्लेपियात तीन थर एकावर एक, म्हणून प्रत्येक थरात उजेड सांडायचा.

जिवंत आहे ते परावर्ती एलसीडी, म्हणजे बाहेरच्या उजेडावर दिसणारा द्रव-स्फटिकांचा पडदा. पेबल नावाचे घड्याळ ‘ई-पेपर’ म्हणून विकले गेले तरी त्यातला पडदा शार्पचा मेमरी एलसीडी होता. २०२४ मध्ये डेलाइट नावाच्या कंपनीने याच जातीची, ६० हर्ट्‌झ वेगाची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी, मोठी पाटी (टॅब्लेट) आणली. लिहिताना, पान सरकवताना ती विजेच्या वेगाने चालते. पण एलसीडीला ध्रुवणपट्टी, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड आत सोडणारी पट्टी, लागते आणि ती पट्टी निम्मा उजेड दारातच अडवते. पुन्हा पांढरा! शिवाय वीज गेली की चित्र गेले.

ई-कागदाच्या वेगाचे काम मला जास्त आशादायक वाटते, कारण त्यात नवे रसायन लागत नाही. मोडोस या मुक्त प्रकल्पाने प्रत्येक बिंदूचा हिशेब स्वतंत्र ठेवणारा नियंत्रक बनवून सध्याच्याच पडद्यांवर ७५ हर्ट्‌झ गाठले. एक बिंदू अजून काळा होत असताना शेजारच्याचे नवे काम सुरू करायचे, सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबायचे नाही, अशी ती युक्ती आहे. छटा कमी होतात, पण कळफलकावर टंकलेले अक्षर लगेच उमटते. ई-कागदाचा संगणक-पडदा येत्या काही वर्षांत सामान्य लेखकाच्या टेबलावर येईल असे मला वाटते, ते याच कामामुळे.

फार पुढचे पाहायचे तर स्वीडनकडे पाहावे. उप्साला आणि चाल्मर्स विद्यापीठांतील संशोधकांनी २०२५ मध्ये टंगस्टन ऑक्साइडच्या सूक्ष्म चकत्यांचे सुमारे ५६० नॅनोमीटरचे रंगबिंदू दाखवले. इंचाला २५ हजारांहून अधिक. चकतीच्या आकारावर रंग ठरतो आणि विजेने ती मालवता येते. ऐकायला अद्भुत आहे, पण एवढ्या बारीक बिंदूंपैकी प्रत्येकाला स्वतंत्र हुकूम पोहोचवणारी ट्रान्झिस्टरांची जाळी घडवणे हे वेगळे आणि मोठे काम आहे. ते तुमच्या पुढच्या खरेदीत येणार नाही, कदाचित त्याच्या पुढच्याही नाही.

म्हणून माझे मत: थांबू नका. रंगीत नको, काळा-पांढराच घ्या. दहा इंच, मागची जाळी प्लॅस्टिकवर असलेला.

गोदाकाठचा वाचक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काल एका परिचितांकडे दोन्ही प्रकारची यंत्रे शेजारी ठेवून पाहिली. दुपारी चार वाजता, खिडकीपाशी, समोरचे दिवे बंद करून. १९५० च्या आसपासच्या एका मासिकाचे तेच पान दोन्हींवर उघडले. रंगीत पडद्यावर जुन्या कागदाचा पिवळटपणा दिसला आणि क्षणभर बरे वाटले. पण त्याच पिवळटपणात तळटीप हरवली. काळ्या-पांढऱ्यावर पिवळेपणा नव्हता आणि तळटिपेतला पूर्ण विरामही मोजता येत होता. साडेपाचला ऊन कलले तेव्हा रंगीत यंत्राचा दिवा लावावा लागला, दुसऱ्याचा सव्वासहाला. निर्णय झाला, १०.३ इंची काळा-पांढरा मागवला आहे. प्लॅस्टिकच्या जाळीचा आहे, हे माहितीपत्रकाच्या नवव्या पानावर सापडले.

जुने यंत्र आता ई-कचऱ्यात द्यावे म्हणतो.

निवृत्त जुळारी

देऊ नका. रविवारी सकाळी घेऊन या, पडदा सोडवू आणि त्या कुप्या भिंगाखाली दिसतात का पाहू. आयुष्यभर कागदाचे तंतू पाहिले, आता हे पाहायचे आहे.

अंबड लिंक रोड

काका, तुमचे दहापटीचे भिंग पुरणार नाही. माझ्याकडे सर्किट तपासायचे चाळीसपटीचे आहे, तेही आणतो. पडदा सोडवताना काच हाताला लागेल, जाड हातमोजे घ्या.